दहावीचा वर्ग
मी मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडल्यावर शाळेत रुजू झाले, तेव्हा दहावीचा वर्ग माझ्याकडून काढून घेतलेला होता. ‘मॅडम, तुम्हाला आता दगदग नको,’ असं सगळे मायेनं म्हणाले. मला काय झेपतं, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं एका संशोधक मुलीनं. कॅन्सरमधून बरं झाल्यानंतरचं आयुष्य आणि काम हा तिचा विषय. ‘ताई, शाळेतला तुमचा एक दिवस सकाळपासून सांगा,’ एवढंच ती म्हणाली, आणि मी बोलत गेले. काखेतल्या गाठी काढल्यापासून उजवा हात सुजतो. फळ्यावर उंच लिहिलं की खांदा भरून येतो. केमोनंतर मुलांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. प्रमेयं मात्र सगळी तोंडपाठ आहेत.

असं माणसांशी बोलून केलेल्या अभ्यासाला गुणात्मक संशोधन म्हणतात. परवानगी घेऊन मुलाखत रेकॉर्ड करतात, ती शब्दन् शब्द उतरवतात आणि अनेकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा काय येतं ते शोधतात. २००९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ३६ अभ्यासांचा आढावा आला. त्यात कॅन्सर होऊन गेलेल्यांपैकी ३३.८ टक्के लोक बेरोजगार होते, तर निरोगी लोकांमध्ये हे प्रमाण १५.२ टक्के होतं. प्रश्न केवढा मोठा आहे, हे या आकड्यांवरून कळतं. पण माणूस कामापासून दूर कसा जातो, हे त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं.

फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरांना स्वतःलाच कॅन्सर झाला होता. १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी लिहिलं की, कॅन्सरनंतरचं जगणं निदानापासूनच सुरू होतं आणि त्याचे तीन टप्पे असतात. उपचार संपल्यावरचा मधला टप्पा आजार उलटण्याच्या भीतीचा आणि थकव्याचा. मी शाळेत परतले ती नेमकी याच टप्प्यात.

माझ्या गरजा फार नव्हत्या. लागोपाठ तास नकोत, फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायची मुभा हवी, तपासणीच्या दिवशी रजा हवी. एवढ्यावर मी दहावी शिकवली असती.

मुख्याध्यापकांना, साहेबांना आणि सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: उपचार संपवून कुणी कामावर आलं, तर त्याचं काम परस्पर कमी करू नका. आधी त्याला समोर बसवा, काय जमेल ते विचारा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.