सूर बरोबर, तरी पियानो जड का?

हिंदी चित्रपटातला पियानो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १९४९ सालच्या 'अंदाज'मधला दिलीपकुमार आठवून पाहा. पार्टी रंगलेली, बोटे पट्ट्यांवरून सहज फिरताहेत आणि नजर मात्र भलतीकडेच! घरी पियानो शिकायला बसलेल्या मुलाचे असे नसते. त्याची नजर पट्ट्यांवरून हलत नाही. त्यातून वाद्य जुने असेल तर तक्रारी सुरू होतात. 'बोटं दुखतात', 'ही पट्टी खालीच राहते', 'हळू वाजवायला गेलं की आवाजच येत नाही.' शिकवणाऱ्या बाई म्हणतात, सराव कमी पडतोय. आईवडील ट्यूनरला बोलावतात. तो दीड-दोन तास खपून तारा सुरात लावून देतो. सूर अगदी बरोबर लागतात. तक्रार मात्र तशीच राहते. मग परीक्षा जवळ येते, चिडचिड वाढते आणि एक दिवस पियानोवर जे झालरीचे कापड पडते ते पुन्हा निघत नाही.

अशा वेळी दोष बहुधा बोटांचा नसतो आणि तारांचाही नसतो. तो असतो पट्टी आणि तार यांच्या मधल्या यंत्रणेत. या यंत्रणेला 'ॲक्शन' म्हणतात आणि तिची जुळणी करण्याच्या कामाला 'रेग्युलेशन'. तारा सुरात लावणे वेगळे आणि ॲक्शन जुळवणे वेगळे, हे पियानो बाळगणाऱ्या कित्येक घरांना ठाऊकच नसते.

आपल्या पेटीशी तुलना केली तर गोष्ट चटकन ध्यानात येईल. पेटीची पट्टी दाबली की फक्त हवेची वाट मोकळी होते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. पियानोला भाता नाही. तिथे प्रत्येक पट्टी एक हातोडी तारेवर फेकते आणि आवाज किती मोठा, कसा, हे त्या हातोडीच्या वेगावर ठरते. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी इ.स. १७००च्या सुमारास हे वाद्य घडवले तेव्हा त्यांच्यापुढचा खरा पेच हाच होता. हातोडी तारेवर आदळली पाहिजे, पण तिथे टेकून राहता कामा नये. टेकून राहिली तर तारेचा गळाच दाबला जाईल!

कॅरमच्या स्ट्रायकरसारखे

आजच्या ग्रँड पियानोत पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते. तेवढ्यात हातोडी साधारण ४५ मिलिमीटर वर जाते. तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर आली की तिला ढकलणारा लाकडी खुंट, म्हणजे 'जॅक', तिच्याखालून निसटतो. याला 'लेट-ऑफ' म्हणतात. उरलेले अंतर हातोडी एकटीच, स्वतःच्या वेगाने जाते. कॅरमचा स्ट्रायकर नखाबाहेर गेला की मग कितीही हळहळले तरी त्याची दिशा बदलत नाही, तसेच हे. तारेवर आपटून परतणाऱ्या हातोडीला 'बॅकचेक' नावाची चामडे लावलेली ठोकळी झेलते, नाहीतर ती उसळून पुन्हा तारेला लागेल. १८२१ मध्ये एरार्ड यांच्या कारखान्याने आणखी एक युक्ती काढली. पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येऊ लागला.

हे सारे ८८ वेळा, प्रत्येक पट्टीला स्वतंत्र. आणि प्रत्येक ठिकाणी फिरवायचा एक बारीकसा स्क्रू, वाकवायची एक तार किंवा बदलायची कागदाची एक चकती.

लेट-ऑफ तारेपासून फार लांब ठेवला तर हातोडीला एकटीने जास्त अंतर तोडावे लागते. जोरात वाजवताना ते जाणवत नाही, पण हळुवार सूर वाटेतच मरतो. आता त्या मुलाची 'आवाजच येत नाही' ही तक्रार आठवा! उलट लेट-ऑफ फार जवळ आणला तर दमट हवेत हातोडी तारेवर अडकते. पट्टीची खोली एका ठिकाणी ९ आणि शेजारी १० मिलिमीटर असली तर एकाच दाबाने दोन सूर वेगवेगळ्या आवाजात उमटतात. ऐकणाऱ्याला वाटते, वाजवणाऱ्याचा हात कच्चा आहे.

बरे, जोराने फक्त आवाज मोठा होतो असेही नाही. हातोडीवर दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, म्हणजे फेल्टचे, आवरण असते. वेगाने आपटताना ते दबून कठीण होते आणि सुराचा रंगच पालटतो. तो झळाळतो, कधी कर्कश होतो. वर्षानुवर्षे तारांचे घाव सोसून फेल्टला चरे पडले की हळू वाजवूनही आवाज पत्र्यासारखा येतो. तेव्हा फेल्ट घासून त्याला गोलाई आणतात, सुया टोचून ते मऊ करतात. यातली गंमत अशी की हातोड्या मऊ केल्या की वाजवणारा म्हणतो, 'पट्ट्या जड झाल्या.' पट्टीचे वजन तर तेवढेच असते. हवा तेवढा आवाज मिळत नाही म्हणून हात नकळत जास्त जोर लावतो, आणि कानाची तक्रार बोटे करतात.

सीडी ३१८

ॲक्शनच्या जुळणीसाठी अक्षरशः झुरलेला वादक म्हणजे कॅनडाचे ग्लेन गूल्ड. त्यांच्या मनात एक जुना चिकरिंग पियानो बसला होता. हलका, चटकन उत्तर देणारा. १९६०च्या सुमारास टोरांटोत ईटन्स या मोठ्या दुकानाच्या सभागृहात त्यांना स्टाइनवे कंपनीचा एक वापरलेला ग्रँड सापडला. त्याचा क्रमांक सीडी ३१८. (या 'सीडी'चा गाण्याच्या तबकडीशी काही संबंध नाही.) जवळजवळ नऊ फुटांचे हे धूड त्यांना हार्पसिकॉर्डसारखे चपळ हवे होते. व्हर्न एडक्विस्ट या जवळजवळ अंध ट्यूनरने पुढे दोन दशके हा पियानो सांभाळला. डोळ्यांनी कमी दिसणारा माणूस मिलिमीटरच्या हिशेबाचे हे काम कानांनी आणि बोटांनी करत होता.

१९६४ मध्ये बाखच्या 'इन्व्हेन्शन्स'चे ध्वनिमुद्रण ठरले. त्याआधी ॲक्शनवर आणखी एक 'शस्त्रक्रिया' झाली. पियानो इतका सुंदर बोलू लागला की गूल्ड खूश झाले. पण सोबत एक विकार आला. संथ जागी मधल्या सप्तकातले काही सूर उचकी लागल्यासारखे दोनदा उमटू लागले. पट्टीची चाल आखूड, अंतरे कमी, अशी नाजूक जुळणी केली की हातोडी झेलायला जागा अपुरी पडते आणि ती उसळून तारेला पुन्हा शिवते. गूल्ड थांबले नाहीत. ध्वनिमुद्रण तसेच केले आणि तबकडीच्या वेष्टनावर या उचकीची कबुली देऊन टाकली. आजही ती ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला ती उचकी ऐकू येते. हलका हात हवा तर किंमत मोजावी लागते, ती अशी.

१९७१ मध्ये क्लीव्हलंडहून परत आणताना सीडी ३१८ पडला. लोखंडी चौकटीला तडे गेले. कारखान्यात दुरुस्ती झाली, पण गूल्ड यांना तो पूर्वीचा स्पर्श पुन्हा सापडला नाही. कित्येक वर्षे झगडून अखेर १९८१चे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' त्यांनी यामाहा पियानोवर वाजवले. पुढच्याच वर्षी ते गेले. सीडी ३१८ आता ओटावाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरमध्ये आहे.

व्लादिमिर होरोविट्झ तर १९८६ मध्ये मॉस्कोला जाताना न्यूयॉर्कहून आपला स्वतःचा पियानो घेऊन गेले. त्यांची ॲक्शन इतकी हलकी होती की दुसऱ्या कुणी हात लावला तर आवाज आवरत नसे. दोघांचेही पियानो स्टाइनवेचेच, पण एकाची बोटे दुसऱ्याच्या पियानोवर अडखळली असती.

आपल्याकडचा पावसाळा

मुंबई-गोव्यातल्या पियानोचा शत्रू वेगळा आहे. हातोडी एका बारीक पिनेभोवती फिरते आणि त्या पिनेला लोकरी कापडाचे अस्तर असते. जून-जुलैच्या हवेत ते फुगते, पिन आवळली जाते, हातोडी संथ होते. पट्टी खाली गेली की वर येत नाही. घराघरात असतात ते उभे पियानो. त्यांत हातोडी आपल्या वजनाने नव्हे, स्प्रिंग आणि कापडी फितीच्या मदतीने मागे येते. फीत जीर्ण झाली की काम थांबलेच. शिवाय लोकर म्हटली की कसर आलीच, आणि उंदीर तर फेल्टची घरटी करतात! जुन्या घरांतून पावसाळ्यात पियानोच्या पोटात मंद दिवा लावून ठेवायची पद्धत आहे. ती चांगली, पण दिवा लाकडाला किंवा कापडाला लागू देऊ नये आणि ऊन पडल्यावरही तसाच ठेवू नये. जास्त कोरडेपणाने लाकूड तडकते.

आपला पियानो कुठे अडतो हे पाहायला फार ज्ञान लागत नाही. उभ्या पियानोचे वरचे झाकण उघडा, आत टॉर्च धरा आणि एकेक पट्टी अगदी सावकाश दाबा. हातोडी तारेजवळ यावी आणि तारेला न लागता किंचित मागे सरावी. ती तारेला चिकटून राहिली, किंवा बरीच अलीकडून परतली, तर लेट-ऑफ बिघडला आहे. मग तीच पट्टी जोरात वाजवून दाबून धरा. हातोडी मधेच झेललेली दिसली पाहिजे. शेवटी पट्टी सोडा आणि हातोडी लगेच जागेवर जाते का ते बघा. स्क्रूला मात्र स्वतः हात लावू नका. एक बिघडला की शेजारचे चार बिघडतात. ज्या पट्ट्या अडतात त्यांचे क्रमांक डावीकडून मोजून वहीत लिहा आणि ट्यूनर आला की तारांना किल्ली लावण्याआधी ती यादी त्याच्या हातात द्या. सगळ्या ८८ पट्ट्यांच्या रेग्युलेशनला एखाद-दुसरा दिवस लागतो, तेव्हा त्याची वेळही आधीच ठरवून घ्या.