रेकॉर्ड की पेनड्राइव्ह? नव्या डीजेने आधी कानांचा हिशेब करावा

ऊसतोड आटोपून टोळ्या गावाकडे परतू लागल्या की बीड जिल्ह्यात लगीनसराईचा जोर वाढतो. मांडव, केटरिंग आणि घोड्याबरोबर आता डीजेचीही तारीख आधी धरून ठेवावी लागते. साहजिकच, दहावी-बारावी झालेल्या अनेक मुलांना हा धंदा खुणावतो. शिकायला सुरुवात केली की पहिलाच प्रश्न पडतो तो म्हणजे घ्यायचे काय? मोबाइलवर पाहिलेले परदेशी डीजे काळी रेकॉर्ड हाताने पुढे-मागे फिरवत असतात, तर दुकानदार लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर दाखवतो. त्यातच कुणीतरी सांगते, ‘रेकॉर्डचा आवाज खरा, डिजिटलचा नकली. शिवाय रेकॉर्डने कानाला त्रास होत नाही.’

या सांगण्यात तथ्य किती, हे पाहायचे तर दोन्हींचे विज्ञान थोडे समजून घ्यावे लागते. मग असेही लक्षात येते की ही निवड खिशापुरती नाही. ती कानांशीही जोडलेली आहे.

कर्ण्यापासून कंट्रोलरपर्यंत

आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत, आणि ती चालवणारा तो ऑपरेटर. मूळ शब्द मात्र माणसासाठी आहे. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकड्या वाजवणारा. त्या अर्थाने गावोगावचे जुने लाऊडस्पीकरवाले आपले पहिले डीजे म्हणायला हवेत. लिंबाच्या झाडाला कर्णा बांधायचा, अहुजाचा अॅम्प्लिफायर बॅटरीवर चालवायचा आणि रेकॉर्ड प्लेअरवर एकामागून एक तबकडी ठेवायची, हे साठी-सत्तरीतल्या वाचकांना आठवत असेल. पुढे कॅसेट आली, मग सीडी आणि शेवटी पेनड्राइव्ह.

एक गाणे संपवून दुसरे लावणे आणि दोन गाणी एकमेकांत मिसळणे यात फरक आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ मध्ये कूल हर्क या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन प्लेअरवर लावून त्यातला नाचाचा तुकडा लांबवायला सुरुवात केली. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा टर्नटेबल बाजारात आला होता. त्यात पट्टा नव्हता, मोटर थेट तबकडीच्या चकतीला जोडलेली होती. त्यामुळे हाताने थांबवून सोडले तरी ती लगेच वेग पकडत असे. गाण्याचा वेग थोडा कमी-जास्त करण्याची सोयही होती. आजच्या प्रत्येक कंट्रोलरवरच्या दोन गोल चकत्या याच यंत्राची नक्कल आहेत.

खाच आणि आकडा

रेकॉर्डच्या एका बाजूवर बाहेरून आत जाणारी एकच अखंड खाच असते. गाण्याच्या लहरींचा आकार त्या खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेला असतो. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश किंवा पंचेचाळीस फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर सुई थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते.

यात एक अडचण आहे. ढोलासारख्या जाड आवाजाच्या लहरी मोठ्या असतात. त्या जशाच्या तशा कोरल्या तर खाच फार रुंद होईल आणि गाणे तबकडीवर मावणार नाही. म्हणून कोरताना जाड आवाज मुद्दाम कमी करतात आणि बारीक आवाज वाढवतात. वाजवताना याच्या उलट करावे लागते. ते काम ‘फोनो’ लिहिलेल्या जोडणीत होते. टर्नटेबल साध्या जोडणीत लावला की आवाज दबका आणि पातळ येतो. ‘मशीन खराब निघाली’ म्हणून दुकानात परत नेण्याआधी ही जोडणी तपासावी.

डिजिटलमध्ये लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून आकडे साठवतात. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. एखादी लहर पुरती पकडायला तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावे लागते, म्हणून हा आकडा. मोजण्यांच्या मध्ये ‘आवाज गाळला जातो’ हा समज चुकीचा आहे; ऐकू येण्याच्या कक्षेतली लहर त्या आकड्यांवरून पुन्हा उभी करता येते. उलट, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल असते, तर रेकॉर्डमध्ये साधारण ६० ते ७०. रेकॉर्डचा आवाज अनेकांना ऊबदार वाटतो तो तिच्या खास रंगामुळे. तो आवडणे ही रुचीची बाब आहे. पण ती डिजिटलपेक्षा अचूक असते, असे विज्ञान सांगत नाही.

बीडच्या रस्त्यावर रेकॉर्ड

रेकॉर्ड पीव्हीसी या प्लॅस्टिकची असते आणि ते उष्णतेने वाकते. आपल्याकडे लगीनसराई भर उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत असते. बंद गाडीत काचेमागे ठेवलेली तबकडी तेवढ्या वेळात वेडीवाकडी होऊ शकते. कच्च्या रस्त्याची धूळ खाचेत बसली की खरखर वाढते आणि सुईही लवकर झिजते.

सर्वांत मोठी अडचण हादऱ्यांची. सुईला खाचेची थरथर आणि गाडीची थरथर यांतला फरक कळत नाही. वरात चालू असताना टेम्पो खड्ड्यात गेला की सुई उडी मारणार. बेसचा मोठा स्पीकर जवळ असेल तर त्याचा हादरा सुईत शिरतो, अॅम्प्लिफायरमधून मोठा होतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि सगळीकडे एकच घुमारा सुरू होतो. टर्नटेबलसाठी जड, स्थिर टेबल आणि बंदिस्त सभागृह लागते. वरातीच्या गाडीवर त्याचा निभाव लागत नाही.

खर्चाचेही तसेच. थेट मोटरचे दोन चांगले टर्नटेबल, मिक्सर आणि सुया यांच्या किमतीत सुरुवातीचे अनेक कंट्रोलर येतात. नवी रेकॉर्ड एकेक विकत घ्यायची म्हणजे हजारोंचा खर्च. शिवाय वरातीत फर्माईश होणारी बहुतेक गाणी रेकॉर्डवर निघालेलीच नाहीत.

यावर एक मधला मार्ग आहे. २००४ पासून मिळू लागलेल्या सेराटोसारख्या प्रणालीत रेकॉर्डवर गाणे नसून एक खूण-आवाज असतो. तो ऐकून संगणक तबकडीचा वेग, दिशा आणि जागा ओळखतो, आणि गाणे वाजते लॅपटॉपमधले. हात रेकॉर्डवर आणि गाणी हवी ती. पण सुई आहे म्हणजे हादऱ्यांची अडचणही आहेच.

थोडक्यात, बीड, परळी किंवा माजलगावच्या वरातीत काम करायचे असेल तर डिजिटलला पर्याय नाही.

फाइल कोणती, हेही महत्त्वाचे

डिजिटल म्हणजे सगळे सारखे, असेही नाही. सीडीवरच्या गाण्यात सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. एमपी३ मध्ये, मोठ्या आवाजाखाली दबून कानाला जाणवणार नाही असा भाग काढून टाकतात. ३२० किलोबिटच्या फाइलमध्ये हा फरक बहुतेकांना ओळखू येत नाही. पण कुठून तरी उतरवलेली, व्हॉट्सअॅपवर दहा जणांकडून फिरलेली, पुन्हा पुन्हा रूपांतर केलेली फाइल मोठ्या स्पीकरवर चिरकी आणि पोकळ वाजते. मग ऑपरेटर आवाज वाढवतो. मिक्सरवर लाल दिवे लागतात, म्हणजे लहरींचे शेंडे कापले जात असतात. गाणे सुधारत नाही, फक्त कर्कश होते. चांगली फाइल कमी आवाजातही भरीव लागते. कानांच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे.

कानाला माध्यम कळत नाही

आता त्या दाव्याकडे येऊ, की रेकॉर्डने कानाला त्रास होत नाही. कानाच्या पडद्यावर पोहोचतो तो हवेचा दाब. तो सुईतून आला की पेनड्राइव्हमधून, हे कानाला कळत नाही. १०० डेसिबल म्हणजे १०० डेसिबलच.

आतल्या कानातील शंखाकृती भागात प्रत्येक बाजूला सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाचे हादरे टिपून मेंदूकडे पाठवणाऱ्या या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा फटका बहुधा आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्यामुळे सुरुवातीला आवाज ऐकू येतो, पण गर्दीत कोण काय बोलले ते नीट उमगत नाही. कार्यक्रमानंतर कानाला दडे बसणे आणि रात्रभर कानात शीळ वाजत राहणे ही धोक्याची सूचना आहे. सकाळी बरे वाटले तरी प्रत्येक वेळी नुकसान पूर्ण भरून निघाले असे समजू नये.

डेसिबलचे गणित फसवे असते. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम करता येते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. वरात तीन तास चालते, आणि हंगामात अशा कैक वराती असतात. पाहुणा एकदा नाचून घरी जातो. ऑपरेटर, जनरेटर सांभाळणारा आणि गाडीचा चालक मात्र रोज त्याच आवाजात असतात.

हेडफोनचा सापळा

माध्यमाच्या निवडीचा कानाशी खरा संबंध येथे येतो. पुढचे गाणे मिसळण्याआधी डीजे ते हेडफोनमध्ये ऐकतो. बाहेर १०० डेसिबल असतील तर हेडफोनचा आवाज त्याच्या वर न्यावा लागतो, आणि तोही कानाला चिकटून.

रेकॉर्डवर गाण्याची सुरुवात सुईने शोधावी लागते आणि वेग कानानेच जुळवावा लागतो. एका गाण्याचे मिनिटाला १२० ठेके आणि दुसऱ्याचे १२४ असतील, तर पहिले सुमारे सव्वातीन टक्क्यांनी वाढवावे लागते. हे ऐकून ओळखेपर्यंत हेडफोन कानावरच. डिजिटलमध्ये ठेक्यांचा आकडा पडद्यावर दिसतो आणि सुरुवातीच्या खुणा घरी, शांतपणे करून ठेवता येतात. कार्यक्रमात हेडफोन थोडाच वेळ लागतो. नीट तयारी करणाऱ्यासाठी डिजिटलचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

मात्र शिकताना ‘सिंक’चे बटण काही महिने बंद ठेवावे. कानाने ठेका जुळवण्याची सवय रेकॉर्डवर आपोआप लागते, डिजिटलवर ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. हा सराव खोलीत, बोलण्याएवढ्या आवाजात उत्तम होतो. मोठ्या आवाजाने कान थकतो आणि बारीक चूक ऐकू येईनाशी होते.

खरेदीचा क्रम

सुरुवात कानात घालायच्या बोळ्यांपासून करावी. फोमचे बोळे स्वस्त असतात, पण त्यांनी आवाज दबका होतो. संगीतकारांसाठीचे फिल्टर असलेले बोळे सगळे आवाज साधारण सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे काम करता येते. साधा कापूस पुरेसा नाही. त्यानंतर कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा, कारण बाहेरचा आवाज अडला की आतला कमी ठेवता येतो. मग सुरुवातीचा कंट्रोलर आणि चालू स्थितीतला लॅपटॉप. टर्नटेबल हौस म्हणून, धंद्यात जम बसल्यावर, घरासाठी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जुन्या रेकॉर्ड मिळतात; घेताना उजेडात तिरक्या धरून चरे आणि वाक पाहावा.

धंदा सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर दरवर्षी श्रवणचाचणी करून घ्यावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात त्याबाबत विचारणा करता येईल. एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उशीर झाला की उपचारांचा उपयोग घटतो.

प्रश्न एकट्या ऑपरेटरच्या कानाचाही नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस शासन ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. ज्या गल्लीतून वरात जाते तिथे तान्ही बाळे असतात, आजारी माणसे असतात. ‘अजून वाढव’ म्हणणाऱ्या वऱ्हाडाला नाही म्हणणे सोपे नसते. म्हणून आवाजाची मर्यादा आणि बंद करण्याची वेळ तारीख घेतानाच ठरवावी, आणि सुपारीच्या कागदावर लिहून घ्यावी.