प्रवास : इंग्रजीची दुसरी शाळा

आपल्याकडे इंग्रजी भाषा शिकविली जाते ती बहुधा पुस्तकांतून. व्याकरणाचे नियम, शब्दांच्या याद्या, परिच्छेदांचीं भाषांतरें आणि परीक्षेचे गुण ह्या चार भिंतींच्या आंत मुलांचें इंग्रजी वाढतें. ह्या पद्धतीस नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. मीहि तिच्यांतच वाढलों आणि आज तिच्याच आधारें शिकवीत आहें. परंतु ह्या शाळेबाहेर आणखी एक शाळा आहे. तिचे फळे रस्त्याच्या कडेला उभे असतात, तिचे शिक्षक दर स्टेशनावर बदलतात आणि तिची परीक्षा कोणत्याहि दिवशीं, कांहीं सूचना न देतां होते. ती शाळा म्हणजे प्रवास. तिच्यांत इंग्रजी कसें शिकावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम माझ्याच फजितीची गोष्ट सांगतों. माझे वडील लकडगंजांतील एका आरागिरणींत हिशेब लिहीत असत. मी अठरा वर्षांचा असतांना मला परगांवीं एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचें बोलावणें आलें. वडिलांनीं पगारापोटीं आगाऊ पैसे उचलून माझें तिकीट काढलें. मी ज्या डब्यांत चढलों, त्याच्या दाराशीं घाईनें लिहिलेला एक इंग्रजी कागद चिकटविलेला होता. हा डबा अमुक जंक्शनवर 'डिटॅच' होईल, असें त्यावर लिहिलें होतें. मीं तें वाचलें. 'डिटॅच्ड' हा शब्द मला पाठ होता. आमच्या कवितेच्या टिपणांत त्याचा अर्थ 'अलिप्त, विरक्त' असा दिला होता व त्या उत्तरास मला पूर्ण गुणहि मिळाले होते. आगगाडीचा डबा विरक्त कसा होईल, ह्याचें मला क्षणभर हसूं आलें. मग मी वरच्या फळीवर जाऊन निजलों. पहाटे जाग आली तेव्हां डबा बाजूच्या एका रुळावर स्वस्थ उभा होता आणि माझी गाडी केव्हांच पुढें निघून गेली होती. इतर उतारूंना तो डबा दुसऱ्या गाडीस जोडला जाणार हें ठाऊक होतें, कारण त्यांना तिकडेच जावयाचें होतें. मी मुलाखतीच्या ठिकाणीं पोंचलों तोंपर्यंत यादी बंद झाली होती. शिष्यवृत्ति गेली आणि तिच्याबरोबर माझें एक वर्ष गेलें.

घरीं आल्यावर वडील रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "अरे, तो शब्द तुला येत होता ना?" मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें शिक्षक झाल्यावर तें उत्तर मला हळूहळू सांपडलें.

तें उत्तर असें. शब्दाचा प्रतिशब्द येणें आणि शब्द येणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'डिटॅच' ह्याचा मुख्य भाव जोडलेली वस्तु सोडविणें हा आहे. गाडीपासून डबा सोडविला तरी तोच शब्द, आणि मन विषयांपासून सोडविलें तरी तोच शब्द. ज्याला हा भाव कळला त्याला दोन्ही अर्थ कळतात. ज्यानें प्रतिशब्द तेवढा घोकला त्याला एकच कळतो, आणि तोहि नेमका नको त्या वेळीं आठवतो. शब्दाचा भाव डोळ्यांसमोर उभा करण्याचें काम प्रवास जितकें चांगलें करतो तितकें कोश करीत नाहीं. प्रवासांत शब्द आणि वस्तु एकाच वेळीं समोर येतात, आणि चुकल्यास फळ तात्काळ मिळतें.

ह्यासाठीं दूर जावयास नको. आपल्या लकडगंजाचेंच उदाहरण घ्या. ह्या वस्तीचें नांवच लाकडावरून पडलें. येथील वखारींत रचलेली फळी म्हणजे इंग्रजींत 'बोर्ड'. जहाजाच्या बाजूसहि जुन्या इंग्रजींत 'बोर्ड' म्हणत. म्हणून जहाजावर चढणें तें 'बोर्ड' करणें, आणि तोच शब्द पुढें आगगाडीस व विमानास लागू झाला. फळीचें मेज झालें. मेजावरचें जेवण तेंहि 'बोर्ड', म्हणून विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याचें ठिकाण तें 'बोर्डिंग'. आणि त्या मेजाभोंवतीं बसून कारभार करणारी मंडळीहि 'बोर्ड'च. ओंडक्यास इंग्रजींत 'लॉग' म्हणतात. पूर्वीं जहाजाचा वेग मोजण्याकरितां दोरीस बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रांत टाकीत आणि ठराविक वेळांत दोरीच्या किती गांठी हातांतून सुटल्या तें मोजीत. म्हणून जहाजाचा वेग अजूनहि 'नॉट' म्हणजे गांठींत सांगतात, आणि तो ज्या वहींत टिपीत ती 'लॉगबुक'. संगणक उघडतांना आजचा मुलगा 'लॉग-इन' करतो, तेव्हां त्याच्या शब्दांत तोच ओंडका तरंगत असतो. रुळांखालच्या आडव्या तुळयांस 'स्लीपर' म्हणतात. त्या पूर्वीं साल, साग अशा लाकडांच्या असत, आतां बहुतेक ठिकाणीं काँक्रीटच्या आहेत. निजण्याचा डबा तोहि 'स्लीपर'. एक रुळांखालीं निजलेला असतो, दुसऱ्यांत आपण निजतों. निजणें हा भाव दोहोंत एकच.

वखारीसमोर उभ्या असलेल्या ट्रकवरहि एक छोटें पाठ्यपुस्तक रंगविलेलें असतें. 'लेडन वेट' म्हणजे भरलेल्या गाडीचें वजन आणि 'अनलेडन वेट' म्हणजे रिकाम्या गाडीचें. 'अन' ह्या उपसर्गाचा धडा ह्याहून सोपा कोठें मिळेल? 'कीप डिस्टन्स' हें आज्ञार्थाचें उदाहरण. 'हॉर्न ओके प्लीज' हें वाक्य मात्र कोणत्याच व्याकरणांत बसत नाहीं, आणि विनाकारण भोंगे वाजविण्यास त्यामुळें उत्तेजन मिळतें म्हणून २०१५ सालीं महाराष्ट्रांत तें वाहनांवर लिहिण्यास बंदी झाली. रंगविलेलें सर्वच इंग्रजी शुद्ध असतें असें नव्हे, हाहि एक धडाच.

आतां आगगाडीकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी गेली. अंतर २१ मैल. १८६७ सालीं रूळ नागपुरास पोंचले. पुढें पूर्वेकडे छत्तिसगडाचा मार्ग झाला, आणि १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो रुंद करून बंगालच्या दिशेस नेला. आपल्या जवळचें इतवारी स्टेशन त्याच कंपनीच्या जाळ्यांतलें. तेथून नागभीडकडे जाणारी लहान गाडी २०१९ पर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवत असे. मोठ्या गाडीच्या रुळांची रुंदी साडेपांच फूट. ज्यानें हे दोन्ही रूळ शेजारीं शेजारीं पाहिले, त्याला 'नॅरो' आणि 'ब्रॉड' हे शब्द पुन्हां पाठ करावे लागले नाहींत.

रुळांबरोबर शब्दहि आले. ज्यांनीं इंग्रजीचें एकहि अक्षर गिरविलें नव्हतें अशा शेतकऱ्यांनीं व हमालांनीं तिकीट, टेशन, सिंगल, फलाट, गारड हे शब्द आपलेसे केले. त्यांना ते कोणी शिकविले नव्हते. गाडी गांठण्याची निकड हाच त्यांचा गुरु. शब्दांची गाडी उलट दिशेनेंहि गेली. आपला टांगा इंग्रजींत 'टोंगा' झाला, खाटेची 'कॉट' झाली, जगन्नाथाच्या रथावरून 'जगरनॉट' निघाला. 'जर्नी' हा शब्द फ्रेंच भाषेंतील दिवसवाचक शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ एका दिवसाची चाल. आपली 'मजल' ती हीच. परभाषा अगदींच परकी नसते, हें अशा शब्दांवरून कळतें, आणि तें कळलें म्हणजे तिचें भय अर्धें कमी होतें.

ह्या शाळेंतील दोन थोर विद्यार्थिनींची आठवण येथें केली पाहिजे. पंडिता रमाबाई ह्या संस्कृतांत पारंगत. परंतु १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली ती मराठींत, आणि तिचें इंग्रजी भाषांतर करावें लागलें. १८८३ सालीं त्या समुद्रमार्गानें इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज गांवीं मठवासी भगिनींच्या सहवासांत व पुढें चेल्टनमच्या कॉलेजांत राहून त्यांनीं आपलें इंग्रजी पक्कें केलें. त्यांनीं संस्कृत शिकवावें आणि इंग्रजी शिकावें, असा तो व्यवहार होता. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८७ सालीं हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक तेथें प्रसिद्ध झालें. दुभाष्याच्या आधारापासून स्वतःच्या इंग्रजी ग्रंथापर्यंत अवघीं पांच वर्षें! आणि लक्षांत घ्या, परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं अमेरिकेचें प्रवासवृत्त लिहिलें तें मराठींत. जें परभाषेंतून मिळविलें तें त्यांनीं मायबोलीच्या पदरांत टाकलें.

दुसऱ्या आनंदीबाई जोशी. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत नोकर होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई गांवोगांव हिंडल्या आणि शिकत गेल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजांत, आपण अमेरिकेस कां जातों, ह्याविषयीं त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरल्या. वय अठरा वर्षें. पति बरोबर नाहीं. १८८६ च्या मार्च महिन्यांत त्यांना फिलाडेल्फिया येथें डॉक्टरची पदवी मिळाली, आणि पुढल्याच वर्षीं स्वदेशीं त्यांचा अंत झाला. त्या भाषणांत त्यांना लोकांना सांगण्यासारखें कांहीं होतें, म्हणून भाषा त्यांच्या कामास आली. नुसतें इंग्रजी यावें म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यास हें बळ येत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं काय करावें, तें आतां थोडक्यांत सांगतों. निघण्यापूर्वीं तिकीट संपूर्ण वाचावें. 'फेअर' म्हणजे भाडें, 'बर्थ' म्हणजे निजण्याची जागा, 'आर. ए. सी.' म्हणजे बसण्याची जागा देऊन, दुसऱ्याचें आरक्षण रद्द झाल्यास आपणांस निजण्याची जागा मिळेल ह्या बोलीवर दिलेलें तिकीट. असा एकेक शब्द सोडवावा. 'अप' आणि 'डाउन' ह्यांत चढउताराचा संबंध नाहीं. मुख्य ठाण्याकडे जाणारी ती अप व तेथून निघणारी ती डाउन, अशी साधारण रीत आहे. वाटेंत पाट्या वाचाव्या व घोषणा ऐकाव्या. आपल्या नागपूर मेट्रोची लोकमान्यनगराहून येणारी गाडी २०२२ च्या डिसेंबरापासून पूर्वेस प्रजापतीनगरापर्यंत येते. तींत बसून मराठी घोषणा ऐकावी, तिचें इंग्रजी मनांत करावें, आणि मग इंग्रजी घोषणेशीं तें ताडून पाहावें. इतका स्वस्त खाजगी वर्ग दुसरा नाहीं. प्रत्येक प्रवासांत एक तरी प्रश्न इंग्रजींत विचारावा. वाक्य मोडकें झालें तर होऊं द्यावें. मोडक्या वाक्यानेंहि वाट कळते, मौनानें कळत नाहीं. परत आल्यावर घडलेली हकीकत दहा ओळींत इंग्रजींत लिहावी आणि तीच मराठींतहि लिहावी. दोन्ही लिहितांना कोठें अडलें त्यावर खूण करावी. ती खूण हाच पुढला धडा.

पालकांसहि एक विनंती आहे. मूल बरोबर असतां खिडकीशीं जाऊन तिकीट मुलाला काढूं द्या, चौकशी मुलाला करूं द्या. तो अडखळेल, मागचे लोक घाई करतील. तरी आपण पुढें होऊन बोलूं नका. उच्चार चुकला म्हणून लोकांदेखत हसूं नका. परीक्षेंतील चुकीनें गुण जातात. न विचारण्याच्या संवयीनें कधीं कधीं वर्ष जातें. हें मी अनुभवानें लिहितों.

दर वर्षीं मी नववीच्या मुलामुलींस इतवारी स्टेशनावर नेतों. तेथें त्यांना इंग्रजी सूचना शोधावयास सांगतों, आणि शेवटीं तो माझा जुना शब्द विचारतों. गेल्या वर्षीं एक मुलगी उत्तर न देतां दोन डब्यांमधील जोडापाशीं बोट दाखवून म्हणाली, "सर, हें सुटलें म्हणजे डिटॅच." माझे वडील आज हयात नाहींत. असते तर त्यांना मीं त्या दिवशीं घरीं जाऊन सांगितलें असतें कीं, बाबा, शब्द येणें म्हणजे काय, तें आज आमच्या वर्गांत एका मुलीनें दाखविलें.