विश्लेषण : टकटक करणाऱ्या इंजिनपेक्षा गप्प इंजिन धोक्याचे? सीएनजी गाडीत ‘टॅपेट सेटिंग’ का तपासावे?

बोईसर स्थानकाबाहेरून पाळीच्या वेळेला तारापूर एमआयडीसीकडे निघणाऱ्या रिक्षा असोत की पालघर-मनोर रस्त्यावर धावणाऱ्या प्रवासी गाड्या, रोजच्या धंद्यात सीएनजीचा मोठा आधार असतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक याकडे चालक लक्ष देतात. पण गॅरेजमध्ये ज्याला ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात, ते काम इंजिन टकटक करू लागल्याशिवाय सहसा कुणाला आठवत नाही. सीएनजी गाडीत हीच सवय महागात पडू शकते.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स म्हणजे काय?

इंजिनमध्ये हवा-इंधन आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर सोडण्यासाठी व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्ट त्यांना ढकलून उघडतो, स्प्रिंग बंद करते. इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, म्हणून व्हॉल्व्हचे टोक आणि त्याला ढकलणारा भाग यांत थोडी फट ठेवलेली असते. हाच व्हॉल्व्ह क्लिअरन्स. अनेक इंजिनांत ही फट साधारण ०.१५ ते ०.३० मिमी असते. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो, म्हणजे सगळा खेळ दोन-तीन कागदांच्या जाडीचा. धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, त्यामुळे त्याची फट बहुधा थोडी जास्त ठेवतात.

आवाज नसेल, तर काळजी कशाला?

फट वाढली की टकटक ऐकू येते. व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, ताकद घटते, पण निदान इशारा तरी मिळतो. फट कमी झाली, तर आवाज उलट कमी होतो. ती पूर्ण मिटली की व्हॉल्व्ह घट्ट बंदच होत नाही. बंद असताना सीटला टेकून तो आपली उष्णता हेडकडे देत असतो. तो टेकलाच नाही, तर उष्णता जायला वाट उरत नाही आणि जळते वायू फटीतून निसटत त्याची कड जाळतात. मग आयडलला थरथर, मिसफायर, पिकअप कमी आणि शेवटी हेड उतरवण्याचा खर्च.

सीएनजीत धोका जास्त का?

पेट्रोलच्या फवाऱ्याने इन्टेक व्हॉल्व्हला थोडा गारवा मिळतो. सीएनजी कोरडा वायू असल्याने तो मिळत नाही, शिवाय सीटवर संरक्षक थरही फारसा साचत नाही. त्यामुळे सीट लवकर झिजू शकते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट मिटत जाते, तीही आवाज न करता. कंपनीतून सीएनजीसह येणाऱ्या गाड्यांत सहसा अधिक कठीण सीट वापरतात. बाहेरून किट बसवलेल्या पेट्रोल गाडीत ती असेलच असे नाही.

तपासणी कशी होते?

इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट कव्हर काढतात. पिस्टन वरच्या टोकाला आणि त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद अशी स्थिती जुळवतात. मग ठरलेल्या जाडीची फिलर गेजची पट्टी फटीत सरकवतात. ती किंचित अडत सरकली, तर फट बरोबर. स्क्रू असलेल्या इंजिनमध्ये लॉकनट सैल करून स्क्रू फिरवतात. नट कसताना माप हलते, म्हणून पुन्हा मोजणे आवश्यक. काही इंजिनांत स्क्रू नसतो, ठरावीक जाडीची चकती किंवा टॅपेट बदलावा लागतो. ते काम जाणकाराकडेच द्यावे. हायड्रॉलिक टॅपेट असतील, तर ते फट आपोआप सांभाळतात, नियमित सेटिंग लागत नाही.

किती किलोमीटरनंतर?

उत्तर गाडीच्या मॅन्युअलमधील सर्व्हिस तक्त्यात मिळेल. काही गाड्यांसाठी हा टप्पा ४०,००० किमीचा असतो. वर्षाला १०,००० किमी चालणारी घरची गाडी तिथे चार वर्षांनी पोहोचते. रोज १०० किमी धावणारी धंद्याची गाडी ४०० दिवसांतच पोहोचते. त्यामुळे वर्षे नव्हे, किलोमीटर मोजा.

मेकॅनिकला काय सांगाल?

‘आवाज बंद करून द्या’ असे सांगू नका. आवाज घालवण्यासाठी फट गरजेपेक्षा कमी केली जाऊ शकते. ‘कंपनीच्या मापाला सेट करा’ असे सांगा आणि प्रत्येक व्हॉल्व्हचे आधीचे व नंतरचे माप बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी एखादी फट पुन्हा कमी भरली, तर त्या व्हॉल्व्हची सीट झिजत असण्याची शक्यता असते. हे वेळीच कळले, तर ऐन धंद्याच्या दिवसांत गाडी गॅरेजमध्ये उभी करण्याची वेळ टळू शकते.