एका छपराखालीं तीन संकेतस्थळें

समजा, बाळापुरांत एका कुटुंबाचें कापडाचें दुकान आहे, मुलगी शिकवणी चालविते आणि आजोबा गांवच्या किल्ल्याचा इतिहास लिहितात. तिघांनाही आपापलें संकेतस्थळ हवें. खर्च मात्र बेताचा असावा.

संकेतस्थळ राहतें तें सदैव चालू असणाऱ्या संगणकावर भाड्यानें घेतलेल्या जागेंत. पुष्कळ कंपन्या पहिल्या वर्षीं हें भाडें अगदीं अल्प ठेवितात; नूतनीकरणाच्या वेळीं तें कित्येकदां दुप्पट-तिप्पट होतें. म्हणून तीन वर्षांची बेरीज करूनच दर ताडून पाहावे. ‘अमर्याद जागा’ या शब्दांना भुलूं नये. फाइलींच्या संख्येची मर्यादा बहुधा करारांत असतेच. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचे निराळे पैसे मागितल्यास कारण विचारावें. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तें २०१५ पासून विनामूल्य देत आहे.

तिन्ही स्थळें एकाच खात्यांत ठेवणें स्वस्त खरें. परंतु १७५७ सालीं पुऱ्या झालेल्या बाळापूरच्या किल्ल्याला एकामागें एक दरवाजे आहेत, तसें येथें नसतें. एका स्थळांत चोर शिरला कीं उरलेलीं दोन्ही त्याच्या हातीं पडूं शकतात. यास्तव थोडें अधिक देऊन स्वतंत्र खातीं मिळत असतील तर तीं घ्यावींत, आणि सर्व मजकुराची एक प्रत घरीं बाळगावी.

शेवटीं दारावरच्या पाटीविषयीं. स्थळाचें नांव ‘डॉट इन’चें असो वा २०१४ पासून मिळूं लागलेलें ‘डॉट भारत’चें, त्याची नोंद स्वतःच्याच नांवें करावी. भाड्याची जागा केव्हांही बदलतां येते. दुसऱ्याच्या नांवें नोंदलेली पाटी परत मिळविणें मात्र कठीण.