आवाज कोणाचा, आणि तो कोणी ठरवावा?

नभोवाणीवर बोलणारी व्यक्ति श्रोत्यांना दिसत नाहीं. तरीही तिचें पहिलें वाक्य पुरें होण्यापूर्वींच ती स्त्री कीं पुरुष, हें त्यांनीं मनाशीं ठरविलेलें असतें. बहुतेकांना यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली आणि स्त्री म्हणून जगणारी व्यक्ति दूरध्वनीवरून बँकेशीं बोलूं लागली, कीं नांव आणि आवाज यांचा मेळ न बसल्यामुळें पलीकडचा कारकून साशंक होतो. अशा पारलिंगी व्यक्तीचा आवाज हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हे. त्यावर तिचा मान आणि पुष्कळदां सुरक्षितताही अवलंबून असते.

आवाजाची उंची कंठांतील स्वरतंतूंच्या कंपनांवर ठरते. दर सेकंदास हीं कंपनें पुरुषांत सरासरीनें १२० च्या, तर स्त्रियांत २०० च्या आसपास असतात. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळें स्वरतंतु जाड होऊन आवाज उतरतो; परंतु एकदां जाड झालेले तंतु इस्ट्रोजेन घेतल्यानें पुन्हां बारीक होत नाहींत. म्हणून अनेक पारलिंगी स्त्रियांना गायकाप्रमाणें रियाज करूनच आवाज घडवावा लागतो. नुसती पट्टी चढवून भागत नाहीं. घसा आणि तोंड यांच्या पोकळींतील घुमाराही बदलावा लागतो.

या रियाजासाठीं मोबाइलवरील ॲप उपयोगीं पडतें. बोलतांना स्वर किती चढला, हें तें पडद्यावर रेषेनें दाखवितें. मात्र रेषेनें कोठवर पोहोंचावें, हें कोणी ठरवावयाचें? ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोनच पट्टे आंखले, तर या दोहोंपैकीं कोणत्याच वर्गांत स्वतःला न मानणाऱ्या व्यक्तीनें जावें कोठें? शिवाय लहान घरांत शेजाऱ्यांच्या कानीं पडेल अशा रीतीनें रियाज कसा करावा, आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या हातीं पडल्यास काय, हे प्रश्न ज्यांच्यावर तो प्रसंग येतो त्यांनाच आधीं सुचतात. बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठांत ॲलेक्स अहमद यांनीं अशा रियाजासाठीं विनामूल्य आणि खुलें सॉफ्टवेअर पारलिंगी समाजाला बरोबर घेऊन आंखण्याचा उपक्रम केला, त्याचें मर्म हेंच आहे. घर बांधून झाल्यावर राहणाऱ्याला रंग विचारणें वेगळें, आणि आराखडा काढतांना त्याला शेजारीं बसविणें वेगळें.

सन २०१९ मध्यें ‘क्यू’ नांवाचा, यंत्रांनीं वापरावा असा आवाज प्रसिद्ध झाला. स्त्रीचाही नव्हे आणि पुरुषाचाही नव्हे असा वाटावा, म्हणून तो सेकंदास १४५ ते १७५ कंपनांच्या मर्यादेंत ठेविला होता आणि ४,६०० हून अधिक लोकांना ऐकवून पारखला होता. प्रयत्न स्तुत्य होता. पण ऐकणाऱ्यांच्या मतांची सरासरी म्हणजे बोलणाऱ्याची ओळख नव्हे. दोन सांच्यांच्या जागीं तिसरा सांचा ठेवल्यानें सांचा संपत नाहीं.

मराठींत हा प्रश्न आवाजापाशींच थांबत नाहीं. मराठी बोलणाऱ्या यंत्राला ‘मी सांगतों’ किंवा ‘मी सांगतें’ यांपैकीं एक रूप निवडावेंच लागतें. ऐकणाऱ्याला ‘तूं येतोस’ कीं ‘तूं येतेस’ म्हणावें, असाही पेंच पडतो. पण तो सोडविण्याची सोय भाषेनेंच करून ठेविली आहे: ‘तुम्ही येतां’ या आदरार्थी रूपांत लिंगभेद दिसत नाहीं. जेथें भेद टळत नाहीं, तेथें यंत्रानें नांवावरून अथवा आवाजावरून तर्क न लढवितां एकदां नम्रपणें विचारावें, आणि पुढें उत्तर बदलण्याची मुभा ठेवावी.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें सन २०१४ च्या निकालांत आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. न्यायालयानें जें माणसाच्या स्वाधीन केलें, तें यंत्रानें आपल्या हातीं परत घेऊं नये. आणि हें साधावयाचें, तर यंत्र घडविणारांच्या पंक्तींत त्या माणसाचें पान पहिल्या दिवसापासून मांडलेलें असावें.