दुपारची झोप आणि दुपारची शांतता

तीन वर्षांचे मूल दुपारी झोपेनासे झाले म्हणजे घरात रोज एक लहानशी लढाई जुंपते. आई थोपटता थोपटता स्वतःच पेंगू लागते. मूल मात्र टक्क डोळे उघडे ठेवून पंख्याकडे पाहत पडलेले असते. मग दटावणी होते, बागुलबुवा येतो, क्वचित धपाटाही बसतो. आजी म्हणतात, "झोपत नाही म्हणूनच अंगी लागत नाही." येथे मूल हट्टी नसते आणि आईही चुकत नसते. मुलाच्या झोपेचे गणित बदललेले असते, इतकेच.

हे गणित थोडे समजावून घेऊ. जागेपणी शरीरात झोपेची ओढ साचत जाते आणि झोपल्यावर ती उतरते. अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे ही ओढ आणि शरीरातील घड्याळ या दोहोंच्या मेळाने आपल्याला झोप येते. तान्ह्या बाळाचे भांडे तांब्याएवढे. ते पुन्हा पुन्हा भरते. मेंदू वाढतो तसतसा त्या तांब्याचा रांजण होतो, आणि तो भरायला रात्र उजाडावी लागते. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा पालट तीन ते पाच या वयात होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली तीन-चार वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप सांगितली. हा आकडा दिवसरात्र मिळून आहे, हे आपण विसरतो. दुपारी दोन तास झोपलेले पोर रात्री साडेदहापर्यंत घरभर नाचते, यात नवल ते काय?

तरी घाई करू नये. दोन वर्षांच्या मुलाने आठ दिवस झोप नाकारली, तर तो बहुधा तात्पुरता उमाळा असतो. न झोपताही संध्याकाळी मूल चिडचिडे होत नसेल, आणि झोपलेल्या दिवशी रात्र लांबत असेल, तरच झोप सुटत चालली असे समजावे.

मात्र झोप सुटली तरी विसावा सुटू नये. जेवणानंतर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात सतरंजी अंथरावी, पडदे ओढावे, चित्रांची दोन पुस्तके, ठोकळे किंवा बाहुली जवळ द्यावी. प्रथम दहा-पंधरा मिनिटेच. मग हळूहळू पाऊण तासापर्यंत न्यावे. मोबाईल देऊ नये. तो मुलाला गप्प बसवतो, पण विसावा देत नाही. मोठ्या माणसाने नजरेच्या टप्प्यात आपले काम करीत बसावे. वेळ संपल्याची खूण घंटीने द्यावी, म्हणजे "झालं का?" हा प्रश्न शंभरदा ऐकावा लागत नाही.

ही शिक्षा होता कामा नये. मारिया माँटेसोरी यांच्या शाळेत शांततेचा खेळ असे. मुले निश्चल बसत आणि बाई हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेऊन बोलावीत. मुलांना तो खेळ हवासा वाटे. शांततेची गोडी मुलांना नसते, हा आपला मोठ्यांचाच गैरसमज. गोंगाट बहुधा आपणच करतो.

न झोपलेल्या दिवशी रात्री अर्धा-पाऊण तास लवकर निजवावे. आणि पुस्तक छातीवर तसेच ठेवून एखाद्या दुपारी पोर झोपी गेलेच, तर झोपू द्यावे. फक्त चारच्या आत उठवावे.